आरंभबिंदूपासून

भिखना पहाडीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी माणसं चालवतो.
एका प्रश्नाचे बारा रुपये, उत्तरासकट.
आकृती काढून दिली तर पंधरा.

माझा माणूस घरातून निघतो,
तीन किलोमीटर उत्तरेला जातो, उजवीकडे वळतो,
चार किलोमीटर चालतो आणि थांबतो.
त्याला तहान लागत नाही. त्याच्यावर कुत्री भुंकत नाहीत.
चपलेचा अंगठा तुटत नाही,
वाटेत ओळखीचं कुणी विचारत नाही
की बाबा रे, सकाळी सकाळी कुठं निघालास?
नाकासमोर चालतो, वळ म्हटलं की वळतो,
आणि शेवटी मी पोरांना विचारतो,
हा आता घरापासून किती दूर?
पाच, सर! साठ गळे एकदम.
अकरा वर्षांत एकानंही विचारलं नाही
की तो परत कधी जाणार.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो : वरती उत्तर.
आणि खाली बघून चालणाऱ्याला उत्तर सापडत नसतं, असं म्हणतो.
पोरं हसतात, दरवर्षी तेवढीच.

दुलारी मुखिया हसली नाही.
सुपौलकडची, कोसीच्या दोन बांधांमधल्या गावातली.
अंगात भावाचा स्वेटर,
वहीतल्या रेषा पट्टीशिवाय, तरी सरळ.
सराव परीक्षेत तिचा एकच प्रश्न चुकायचा, हाच.
चार पर्याय सोडून
पाचवा स्वतःच्या हातानं लिहायची :
माहिती अपुरी.

मी चिडलो. पाव गुण कापला जातो, कळतं का?
ती उठून फळ्यापाशी आली, एक ठिपका काढला.
"हे आमचं घर, सर.
मी दुसरीत होते तेव्हा नदी आली,
घर पश्चिमेला दोन किलोमीटर गेलं.
बांबू, पत्रे, शेळी, चूल, सगळं.
सहावीत पुन्हा. तिथून दक्षिणेला तीन.
मॅट्रिकच्या वर्षी डावीकडे वळलो, दोन.
आता बांधावर आहोत."
मी सवयीनं बोलून गेलो,
तीन किलोमीटर, दक्षिण.
"कशापासून, सर?"
तिनं पहिला ठिपका बोटानं पुसला.
"इथं पाणी आहे.
तेही दरसाल वेगळ्या जागी."

कुणीतरी खोकलं.
मी म्हणालो, पुढचा प्रश्न.

त्या रात्री तोच हिशेब नाव बदलून प्रकाशकाला पाठवला.
परत आला. शेरा : उत्तर पर्यायांत नाही.
बारा रुपये कापले.

जानेवारीत तिचं केंद्र दरभंग्याला लागलं.
सकाळी साडेसहाला फोन.
"सर, स्टेशनबाहेर उभी आहे.
केंद्र पूर्वेला दीड किलोमीटर, असं लिहिलंय कागदावर.
पूर्व कुठली?"
सावली बघ, म्हणालो.
"सूर्यच नाही, सर. धुकं.
आपला हात आपल्याला दिसत नाही."
हजारो माणसं वळवली असतील मी आजवर,
आणि खिडकीशी उभं राहून मला
माझ्याच खोलीचं तोंड कुठं आहे ते आठवेना.
कुणाला तरी विचार गं, म्हणालो शेवटी.

"थांबा. लिट्टीवाल्यानं शेगडी पेटवलीय."
मग नुसता रिक्षांचा आवाज.
मग, "पछिया सुटलाय, सर.
धूर माझ्या डाव्या हाताला जातोय."
मी पाठकोऱ्या कागदावर आकृती काढायला घेतली,
वारा पश्चिमेचा, धूर पूर्वेला,
म्हणजे हिचं तोंड झालं...
तोवर ती फोन ठेवून
धुराच्या मागं निघूनही गेली होती.

निकाल अजून लागलेला नाही.
उद्या सकाळपर्यंत सहा प्रश्न द्यायचेत.
माझा माणूस घरातून निघाला,
मी त्याला उंबऱ्याबाहेर थोडा थांबवला,
घर आहे ना जागेवर, मागं वळून बघू दिलं.
प्रश्नात ते लिहीत नाहीत.
मग तीन किलोमीटर उत्तरेला.